पान दोनशे चौदावरचा मयत

मी, लेलँड ट्विचेल, वय एक्याऐंशी, निवृत्त गणित शिक्षक, राहणार गिलफर्ड, विलोबी काउंटी, आयोवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. काउंटी इतिहास मंडळाने आपल्या दफनभूमींवरील जाडजूड ग्रंथात पान दोनशे चौदावर मला मयत दाखवले असले तरी मी हयात आहे.

१. राहते घर व गाडी भाची ट्विला हिला. माझी पत्नी अर्डिस आजारी असताना ती रोज येत असे. मंडळातर्फे कोणी फिरकले नाही.

२. अर्डिसने उभी हयात काउंटीतील दफनभूमी पालथ्या घातल्या. मातीत गेलेले दगड सळईने शोधले, झिजलेली अक्षरे आरशाने ऊन पाडून वाचली. मंडळाचा ग्रंथ म्हणजे तिच्याच नोंदी. नाव मात्र अध्यक्षा मार्जरी प्रुइट यांचे. त्यांनी एकच भाग गाळला: जुन्या गरीबखान्यामागच्या, म्हणजे काउंटी निराधारांना ठेवत असे त्या घरामागच्या कबरी. तिथल्या दगडांवर नुसते आकडे आहेत. अर्डिसने प्रत्येक आकड्याचे नाव शोधून काढले होते.

"अगं, त्यांच्या वंशातलं कोण ग्रंथ विकत घेणार आहे?" मार्जरीबाई आमच्याच स्वयंपाकघरात केक खात म्हणाल्या.

"कोणी विचारत नाही, म्हणूनच लिहायचं," अर्डिस म्हणाली आणि उरलेला केक उचलून आत ठेवला.

३. ती गेल्यावर मी तिच्या कबरीवर आम्हा दोघांचा जोडदगड बसवला. रीतीप्रमाणे शेजारी माझे नाव व जन्मवर्ष कोरून पुढची जागा मोकळी ठेवली. मंडळाने तो दगड 'वाचला'. चर्चच्या तळघरात ग्रंथाचे प्रकाशन झाले, तेव्हा मी विचारले,

"मार्जरीबाई, मी कधी वारलो?"

"अय्या! दगडावर नाव होतं ना तुमचं."

"आणि मृत्यूचं वर्ष?"

"ते झिजलं असेल असं वाटलं."

"दगड गेल्या वर्षीचा आहे."

"मग आता कर भरू नकोस, लेलँड!" मागून कोणीतरी ओरडले. सगळे हसले. मार्जरीबाईही हसल्या आणि त्याच दमात म्हणाल्या, "बरं, अर्डिसची नोंदींची कपाटं आमच्याकडे कधी पाठवताय?"

४. तर ती कपाटे, त्यांतील सर्व नोंदींसह, शेजारच्या काउंटीतील मॅरो गावच्या वाचनालयाला द्यावीत. कपाटांवर अर्डिसचे नाव असावे. मंडळाच्या लोकांना ती इतरांसारखीच, रांगेत उभे राहून पाहता येतील.

५. सळई व आरसा ट्विलाला. ग्रंथाची माझी प्रत मार्जरीबाईंना परत. त्यांनी ती मला पूर्ण किमतीला विकली होती.

६. बँकेतील सर्व शिल्लक गरीबखान्यामागच्या कबरींसाठी. प्रत्येक आकड्याच्या जागी नावाचा दगड बसवावा. काम ट्विलाने पाहावे. मंडळाच्या हाती छिन्नीसुद्धा देऊ नये.

७. मला अर्डिसशेजारी पुरावे. मात्र गरीबखान्यामागचा शेवटचा दगड बसेपर्यंत माझ्या नावापुढे मृत्यूचे वर्ष कोरू नये. तोवर ती जागा मोकळी राहू दे. मंडळाला ती झिजलेली वाटली तरी हरकत नाही.

लेलँड ट्विचेल (सही)
गिलफर्ड, १४ ऑक्टोबर २००३

सही करताना लेलँड ट्विचेल आमच्यासमोर जिवंत, शुद्धीत व रागात होते.

साक्षीदार:
१. इनेझ कॉलबर्ग, शेजारीण (सही)
२. रॉस्को बेम, गिलफर्ड दफनभूमीत कबरी खोदणारा (सही). यांची कबर मी अजून खोदलेली नाही.