मागे ऐकू येत नाही

पुणे, शनिवार

चि. सलिलभावजी यांस,

वासंतीवहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल. (नसला तरी आहे असंच कळवा. तुमच्या प्रकृतीची बातमी मला नेहमी तिसऱ्याच माणसाकडून मिळते आणि ती फार वाईट असते.) जाऊबाई चैताली बरी असेल. मी ठणठणीत आहे. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. कोथरूडहून हडपसर म्हणजे पोस्टाच्या लेखी परदेशच, पण स्पीड पोस्टानं पोचेल दोन-तीन दिवसांत.

तर तुमच्या भावाच्या खुनाचा खटला एकदाचा सुरू झाला. भर कोपरा सभेत, भाषण संपवून हे खाली उतरले आणि गर्दीतून कुणीतरी खूण केल्यावर त्या दोघांनी गोळ्या घातल्या, याला आता पाच वर्षं होऊन गेली. गोळ्या घालणारे सापडले. पाठवणारा सापडायचाय. (दरम्यान लोकांनी त्याला निवडूनही दिलं असेल, मला नवल वाटणार नाही.) खूण कुणी केली ते तुम्ही पाहिलंत, असं हॉस्पिटलात माझा हात धरून तुम्हीच म्हणाला होतात. नाव कोर्टात सांगेन, म्हणालात. त्या एका नावासाठी मी कोर्टाच्या पायऱ्या चढते आहे. नाहीतर या वयात मला काय हौस!

पहिल्या तारखेला मी व्याख्यानमालेला जावं तशी गेले. तासभर आधी, पाण्याची बाटली घेऊन, आणि पहिल्या रांगेत रुमाल टाकून चहा प्यायला बाहेर. परत येते तो शिपायानं रुमाल हातात दिला. ती रांग वकिलांची म्हणे. बसले मागच्या बाकावर. डोक्यावर पंखा खडखडत होता, वकील न्यायाधीशसाहेबांकडे तोंड करून म्हणजे माझ्याकडे पाठ करून बोलत होते, आणि साहेब जे काही टाइप करायला सांगत होते ते त्यांच्या मिशांच्या पलीकडे येत नव्हतं. माझ्या नवऱ्याला गोळी कुठून लागली यावर चर्चा चालली होती, हे मला नंतर कळलं. आता माझा सगळा जन्म पुण्यात गेला. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, मागे ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोला. (सभागृहात याला हमखास टाळ्या पडतात.) साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ही सभा नाही, असं मला बजावलं. ते मला दिसतच होतं. सभेत निदान ऐकू तरी येतं.

दुसऱ्या तारखेला खोली बदलली होती, ते मला कुणी सांगितलं नाही. मी दुपारपर्यंत एका पाण्याच्या टाकीच्या खटल्यात बसले. घरमालकानं भाडेकरूची टाकी फोडली की ती आपोआप फुटली, यावर काय खणखणीत उलटतपासणी झाली म्हणून सांगू! फोटो काय, प्लंबर काय, शब्द न् शब्द ऐकू येत होता. टाकी म्हणजे आपल्याच पुराव्यातली काही वस्तू असणार, अशा समजुतीनं मी गंभीरपणे मान हलवत होते. एकदा तर डोळ्यांत पाणीही आलं.

तिसऱ्या तारखेला योग्य खोली सापडली, तर तिला आतून कडी. आपली वकील तनुजा बाहेर येऊन म्हणाली की पुढच्या साक्षीदाराच्या जिवाला धोका आहे, त्याचा अर्ज आज आत मंजूर झाला, साक्ष आता गुरुवारी बंद दाराआड होणार. शिवाय आरोपींच्या वकिलानं माझ्या ओरडण्याचा दाखला दिला, की प्रेक्षक गोंधळ घालतात. (प्रेक्षक म्हणे! नवरा माझा गेला आणि प्रेक्षकही मीच.) मी तिला म्हटलं, अगं, त्या बिचाऱ्याला पडद्याआड बसवा, नाव झाका, मी डोळे मिटून बसते, पण ऐकू तरी द्या. नाही म्हणजे नाही. ते दोघं आरोपी मात्र येरवड्याच्या तुरुंगात बसून स्क्रीनवर सगळं बघतात. आवाज तुटला की कामकाज थांबवून माणूस धावतो. त्यांना ऐकू आलं नाही तर कोर्ट थांबतं, मला आलं नाही तर मला गप्प करतात.

मला संताप येतो, भावजी. मारलं भर रस्त्यात, लाऊडस्पीकर चालू असताना, आणि न्याय मात्र कडी लावून. निकालाचा कागद काय, मला घरपोच मिळेल. तो कसा लागला हे मला दिसायला नको?

बाकी ठीक. लोभ आहेच, तो वाढवण्याचं वय आता राहिलं नाही.

तुमची,
वासंतीवहिनी

ता. क. टाकीच्या खटल्यात भाडेकरू जिंकला. मी मुद्दाम ऐकायला गेले होते.

आणखी एक ता. क. तो साक्षीदार कोण, हे तनुजानं सांगितलेलं नाही. तिला बंदी आहे. पण मी तिथे बाहेर बाकावर बसलेली होते. तुम्ही तोंडाला रुमाल बांधून, टोपी खाली ओढून मागच्या जिन्यानं गेलात. भावजी, तुमची चाल थेट ह्यांच्यासारखी आहे. ती मी कशी विसरेन?

घाबरलात म्हणून मी रागावलेली नाही. बेल वाजली की मीसुद्धा आधी खिडकीतून बघते. पण ज्यांना घाबरलात ते स्क्रीनवर तुमच्यासमोर असणार, त्यांचे वकील आत असणार. दार लावून तुम्ही बाहेर ठेवलंत ते फक्त मला. गुरुवारी आत काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फितूर झालात तरी मला कोण कळवणार आहे? बुधवारी मात्र जेवायला या आणि ते नाव मला सांगा. पुढच्या महिन्यात ह्यांचा स्मृतिदिन आहे. दरवर्षी सगळ्या पक्षांची माणसं येतात, फोटोला हार घालतात, आणि मी स्वतःच्या हातानं प्रत्येकाला चहा देते. यंदा कुणाला द्यायचा नाही, एवढं मला कळू द्या.