विहारातली पुढची खुर्ची

वर्तकनगर, ठाणे
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रिय आई,

सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे कोपरला तू बरी नाहीस, हे मला तुझ्या लाडक्या लेकाकडून, रत्नदीपकडून कळतं, कारण तू सांगत नाहीस. फोनवर मी ‘व्यायाम’ म्हटलं की लगेच तुझं ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही गं’ सुरू. कोपरला नेटवर्क चांगलं आहे आई, मला माहीत आहे. म्हणून पत्र. शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलं तुझं, लिहिलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय तू खाली ठेवत नाहीस. हवं तर लाल पेन घेऊन बस.

आधी माझा वैताग ऐक. बायकांच्या गुडघ्यांवर माझं संशोधन चाललंय, तुला ठाऊक आहेच. आमच्या विभागप्रमुख बाईंनी बजावलंय की प्रश्नावली परदेशातली वापरायची आणि तिच्यातला एक शब्दही हलवायचा नाही. त्यात एक प्रश्न आहे, ‘आंघोळीच्या टबमध्ये उतरताना त्रास होतो का?’ माझी विद्यार्थिनी सान्वी परवा दिवा स्टेशनजवळच्या वस्तीत जाऊन हौसाबाई नावाच्या एका आजींना हे विचारून आली. त्यांच्या बिल्डिंगमध्ये आठवडाभर पाण्याची बोंब. आजी म्हणाल्या, ‘टब कुठला गो बाय? आधी नळाला पाणी तरी येऊ दे.’ मी हे बाईंना सांगितलं, तर म्हणतात कशा, ‘मग लागू नाही असं लिहा.’ म्हणजे मांडी घालता येते का, हे विचारायचं नाही. उकिडवं बसता येतं का, हेही नाही. विचारायचं काय, तर टब! कपाळ माझं. अशी डोक्यात गेली ना ती बाई, की डबा तसाच ठेवून मी तासाला गेले.

तासाला गुडघ्याचं मॉडेल हातात धरून पोरांना सांगत होते, नवा सांधा बसवला म्हणजे काम संपलं नाही, खरं काम तिथून सुरू होतं. वाकवला नाही तर आतून आवळत जातो. तर सम्यक नावाचा एक पोरगा विचारतो, ‘मॅडम, पण पेशंट ऐकतच नसेल तर?’

मला तूच दिसलीस. पाय लांब करून, खिडकीकडे तोंड करून बसलेली. ‘पुढच्या तासाला सांगते,’ म्हटलं आणि फळा पुसायला लागले.

शुक्रवारी तुझ्या सर्जनना भेटले. तुझा बदललेला गुडघा अजून काटकोनातही वाकत नाही. बुद्धपौर्णिमेनंतर ते परत बघणार आहेत, आणि तोवर फरक पडला नाही तर भूल देऊन वाकवावा लागेल, म्हणाले. तुझ्या हृदयाची काय अवस्था आहे ते तुलाही माहीत आहे. पहिल्या भुलीच्या वेळी मी बाहेर कशी बसले होते ते माझं मला माहीत. मला पुन्हा तसं बसायचं नाही. मला भीती वाटते गं. झालं, लिहिलं एकदाचं.

आणि तू रत्नदीपला काय सांगतेस? ‘वाकवून बसायचंय कुठे मला?’

हे ऐकून मी आधी जाम भडकले. घरात मुलगी याच विषयाची प्राध्यापक, आणि आई असं बोलते! मग चहा घेताना एकदम जयंतीची सकाळ आठवली. भगवानकाकांना सांगून विहारात तुझ्यासाठी खुर्ची मीच ठेवायला लावली होती, तीही पहिल्या रांगेत. वाटलं, आईचा मान. पांढरी साडी नेसून तू दारापर्यंत आलीस, खुर्ची बघितलीस आणि ‘गर्दी फार आहे’ म्हणून मागे फिरलीस. गर्दी कसली! मी जिन्यात गाठलं तेव्हा म्हणालीस, ‘गावात ते ओट्यावर बसायचे आणि आपण खाली मातीत. आता आपल्याच बायकांच्या पुढे मी उंच बसू? तू बस.’

त्यावर मी काय बोलले? ‘आई, गुडघ्याला जात कळत नाही.’ केवढी शहाणी मी! त्या दिवसापासून तू गुडघा वाकवणं सोडलंस, आणि आम्ही सगळे म्हणतो, आई आळशी झाली.

तुला मांडी घालता येणार नाही, हे मी आजही म्हणेन. नव्या सांध्याला ते झेपत नाही. तुझी समजूत काढायला मी खोटं बोलणार नाही. पण बाई गं, खुर्चीवर बसायलाही गुडघा वाकवावा लागतो. असाच ताठ राहिला तर पुढे बसलेल्या बाईच्या पाठीत लाथ बसेल तुझी.

आता दुसरं. जिन्यात तू ‘तू बस’ म्हणालीस ना, ते मला लागलं होतं. वंदनेच्या वेळी मी दाराशी का उभी राहते, असं तू मला कितीदा विचारलंस. कधी मी गाडीचं निमित्त सांगितलं, कधी फोनचं. आई, मला खाली बसता येत नाही. बसले तर उठता येत नाही. उजवा गुडघा गेलाय माझा. एक्स-रे माझ्याच कपाटात फाइलींच्या मागे आहे. वर्गात खाली बसून दाखवायची वेळ आली की सान्वीला पुढे करते. पोरांना वाटतं, मॅडम मुलांना संधी देतात! हाडं-सांधे शिकवणाऱ्या बाईने सांगायचं तरी कुणाला? तिकडे दाराशी रंभामावशी आणि मी, दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहतो, आणि दोघीही म्हणतो, इथे वारा बरा लागतो.

आज भगवानकाकांना फोन केला. पुढची खुर्ची काढायला लावली. बुद्धपौर्णिमेला मागच्या भिंतीला ओळीने खुर्च्या लागतील, खाली बसता न येणाऱ्या सगळ्यांसाठी. रंभामावशी म्हणते, ‘कांता बसली तर मी बसते.’ तुझी मैत्रीण तुझ्याइतकीच हट्टी. म्हणून मी ठरवलंय, आधी मी बसणार, सगळ्यांच्या देखत. लोक म्हणू देत काय म्हणायचं ते. एकटी तू उंच नसशील, एवढं मी बघते.

उद्यापासून कॉलेज सुटलं की कोपरला येते. तू तुझा गुडघा वाकव, मी माझा वाकवते. ओरडायचं असेल तर दोघी मिळून ओरडू, रत्नदीपला दार लावून घेऊ दे.

माझ्या शेजारची खुर्ची मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

दाराशी उभं राहून कंटाळलेली,
तुझी
अमृता