चौथ्या प्रश्नाखालच्या शेऱ्याबाबत

ऑस्टरडाइक, झीलंड
दिनांक : १४ मार्च २०१२

प्रति,
मा. सचिव,
धर्मशिक्षण मंडळ,
जिल्हा कार्यालय.

विषय : कु. तानेके फेरहाखे हिच्या उत्तरपत्रिकेवरील 'अपूर्ण' हा शेरा रद्द करून तिला १ एप्रिल रोजी विश्वासाची जाहीर कबुली देऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) मंडळाचे परिपत्रक 'चार मोठे प्रश्न', ऑगस्ट २०११.
२) माझा अर्ज, दि. ६ फेब्रुवारी.
३) आपले उत्तर, दि. २७ फेब्रुवारी.

महोदय,

१. मी, मारिनुस कोपेयान, येथील चर्चच्या मंडळीत 'वडील' या पदावर असून गेली सत्तावीस वर्षे दर बुधवारी तरुणांना धर्मशिक्षण देत आहे. पूर्वी आम्ही प्रश्नोत्तरे पाठ करून घेत असू. मुले जांभया देत, पण पाठ करीत. आपल्या परिपत्रकापासून प्रत्येक धडा चार प्रश्नांवर बेतला जातो : हे सारे कोठून आले, कोठे बिघडले, कोण सुधारणार, आणि शेवटी आपण कोठे जाणार. मुलांनी आधी स्वतःचे उत्तर लिहावे, मग शिक्षकाने चर्चची शिकवण सांगावी व पत्रिकेवर शेरा मारावा. प्रश्न चांगले आहेत. माझी तक्रार प्रश्नांबद्दल नाही.

२. कु. तानेके (वय १९) हिने पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे इतकी नेटकी लिहिली की मी ती घरी पत्नीला वाचून दाखवली. चौथ्याखाली तिने लिहिले : "आई कुठे गेली ते मारिनुस काकांना विचारा. शेवटचं त्यांनीच तिला तपासलं होतं." मी तेथल्या तेथे लाल शाईने 'अपूर्ण' असे लिहिले.

३. या शेऱ्यामुळे तिला कबुली देता येत नाही, आणि कबुलीवाचून प्रभुभोजनाच्या मेजावर भाकर व द्राक्षारस घ्यायला बसता येत नाही. तिची आई याकोमिना नोव्हेंबरमध्ये वारली. "मला नाही जमलं, तू तरी बस," एवढेच तिने मुलीला सांगून ठेवले होते. शेऱ्यानंतर तानेके चर्चला आलेली नाही. मी घरी गेलो असता ती म्हणाली, "काका, तुमच्या प्रश्नावर माझा राग नाही. पण वाचून होण्याआधीच तुमचा हात पेनाकडे गेला, ते मी बघितलं." एप्रिलअखेर ती रॉटरडॅमला मावशीकडे कायमची जात आहे. एकदा गेली की ती परत येणार नाही, हे मला कळते.

४. आपण कळवलेत की 'अमक्याला विचारा' हे उत्तर ग्राह्य नाही. जागा अपुरी पडल्यास उमेदवाराने पुरवणी जोडावी. जागेची अडचण कोणीच सांगितली नव्हती. तरी आज्ञेप्रमाणे मी पुरवणी नेऊन दिली. तिने माझ्यादेखत ती मेजावर पसरली आणि तिच्यावर बटाटे सोलले. साली सोबत जोडलेल्या नाहीत.

५. आता पहिल्या अर्जात मी जे दडवले ते लिहितो. आमच्याकडे चर्चमध्ये सहाशे माणसे बसतात आणि मेजाकडे जेमतेम वीस उठतात, हे आपण जाणता. बाकीचे अपात्र ठरण्याच्या भीतीने जागचे हलत नाहीत. याकोमिना तीस वर्षे माझ्या पुढच्या बाकावर बसली. प्रवचन सुरू झाले की मागे न वळता खांद्यावरून मला पेपरमिंट द्यायची. मेजाकडे कधी उठली नाही. गेल्या सप्टेंबरात, प्रभुभोजनाच्या आधीच्या तयारीच्या आठवड्यात, ती माझ्या स्वयंपाकघरात आली व म्हणाली, "मारिनुस, या वेळी येऊ का रे मी?" ती आजारी आहे हे तिच्या मनगटांवरूनच दिसत होते. आपले परिपत्रक नुकतेच आले होते आणि मेजावरच पडले होते. मी तिला चारही प्रश्न विचारले. तिने तीन सांगितले. चौथ्याला थांबली आणि म्हणाली, "ते मला नाही सांगता येत. मला फक्त भूक लागलीये."

६. मी तिला पुढच्या वेळेपर्यंत थांबायला सांगितले. प्रभुभोजन वर्षातून चारदा असते. पुढचे डिसेंबरात होते.

७. दफनाच्या दिवशी तानेकेने मला विचारले, "आई कुठे गेली, काका?" मी म्हणालो, "ते देवालाच ठाऊक." म्हणजे चौथ्या प्रश्नाला माझे उत्तरही, मंडळाच्या नियमाप्रमाणे, ग्राह्य नाही. मुलीने माझ्याकडे बोट दाखवले ते खरे होते. मला लाज वाटली आणि ती लपवण्यासाठी मी शेरा मारला.

८. सबब विनंती की, सदर शेरा तिच्या पत्रिकेवरून काढून माझ्या नावावर घ्यावा, मला शिकवण्याच्या कामावरून कमी करावे, आणि १ एप्रिलच्या आत तिला तसे कळवावे. कळवताना पत्र माझ्या हाती देऊ नये. माझ्यासाठी ती दार उघडत नाही.

आपल्या शेऱ्यास पात्र,
मारिनुस कोपेयान

सोबत :
१) कु. तानेके फेरहाखे हिची उत्तरपत्रिका.
२) माझी स्वतःची उत्तरपत्रिका, तपासणीसाठी. पहिले तीन प्रश्न कोरे सोडले आहेत. चौथ्याचे उत्तर : माहीत नाही. मी तिला उपाशी पाठवले.