खिडकीपुढचं कपाट

हसनाबाद, ९ जुलै १९७४

सौ. द्वारकेस,

आज आशीर्वाद लिहायचा धीर नाही, म्हणून नुसता नमस्कार.

प्रकृती ठणठणीत. इथल्या खोलीला खिडकी नाही. महिनाभर शाळेतल्या पोरांवर उगाच खेकसलो. घरमालकीण गिरिजाबाई म्हणाल्या, "मास्तर, अंधारात काहून कुढून राह्यले? खाट दाराशी घ्या." घेतली, आणि दोन दिवसांत माणसात आलो.

मग तू आठवलीस. तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या पोथ्यांच्या कपाटाने बारा वर्षं बुजवली आहे. तू उजेड मागितलास की मी स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगायचो. चिडलीस की तुझ्या स्वभावाला नावं ठेवायचो. फार लाज वाटते.

डोळे कसे आहेत? शेजारच्या भुजंगला बोलावून कपाट आजच हलव. माझी वाट पाहू नकोस. समोर असलो तर ते तिथेच का हवं, हे मी पुन्हा पटवून देईन.

तुझा अपराधी,
वामन