डाव्या कुशीवर

२ ऑगस्ट
अस्मादिकांचे या नगरीत आज प्रातःकाळी शुभागमन झाले. स्वागतास एक श्वान उपस्थित होते. त्याने आदरपूर्वक अंतर राखून भुंकण्याचे कर्तव्य बजावले. चौकातल्या औषधालयात औषधनिर्माता या थोर पदावर माझी नियुक्ती झाली असून निवासाची व्यवस्था दुकानाच्या मालकांनीच लावली आहे. घर दुमजली. वरची खोली माझी: लोखंडी खाट, खिडकीशी टेबल, भिंतीवर कधीकाळच्या आरशाचा फिकट चौकोन. खाली घरमालकीणबाई व त्यांची शाळकरी कन्या. बाई आजारी असतात, असे मालक म्हणाले; आजार कोणता, ते त्यांनी कपाळाशी बोट नेऊन सूचित केले. यजमान गेल्या वर्षी झोपेतच वारले. ते काय करीत, असे मी विचारले, तर मालक म्हणाले, "करायचे काय? प्यायचे."

बाईंचे दर्शन घडले नाही; बंद दारामागून खोकला तेवढा ऐकू आला. कन्येने माझी बॅग उचलली आणि मी घरी परततो तेव्हा दार कसे उघडतो, अशी पृच्छा केली. हाताने, असे मी सांगितले. ती हसली नाही. विनोद वास्तविक उत्तम होता.

७ ऑगस्ट
कार्यभार सुखेनैव चालू आहे. काउंटर, काचेची मापे, तराजू, सर्व काही स्पिरिटने पुसण्याचा माझा दंडक आहे. परिणामी सायंकाळपर्यंत हातांना तो गंध चिकटून राहतो. आज दारात कन्या उभी होती. मी शेजारून गेलो तसे तिचे नाक किंचित हलले, आणि मुद्रेवर ओळख पटल्यासारखी एक शांतता पसरली. हा माझ्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव, असे मी समजलो.

मातोश्रींच्या झोपेच्या गोळ्या तीच दुकानातून नेते. मोजून देणारा मीच.

१२ ऑगस्ट
रविवार. भोजनोत्तर बुटांसकट खाटेवर उताणा कोसळलो. जाग आली तेव्हा बूट पायांतून निघून भिंतीशी जोडीने उभे होते. देह डाव्या कुशीवर वळवलेला, पाठीशी उशी, उशाशी बादली. वामकुक्षी या शब्दाचा इतका शब्दशः सन्मान आजवर कोणी केला नसेल.

कन्येस विचारले. पाठीवर झोपायचे नसते, म्हणाली. उलटी झाली तर घशात अडकते. बाबांना तिने रोज वळवले. एकदाच राहिले, आणि त्याच वेळी ते गेले.

मी सविस्तर खुलासा केला: तो वास स्पिरिटचा आहे, मी जन्मात मद्याला स्पर्श केलेला नाही. तिने मान डोलावली. अगदी मायेने.

"हो, काका. बाबाही हेच म्हणायचे."

२० ऑगस्ट
दुकानात वेळेवर पोहोचलो, तर मालकांना आश्चर्य. मला ताप असल्याचा फोन कन्येने सकाळीच केला होता. पूर्वी बापाच्या कचेरीतही तीच करीत असे. मालक हळूच म्हणाले, "वैद्यराज, आपल्याच दुकानातलं घेता की काय?" मी नाकारले. ते समजूतदारपणे हसले. गिऱ्हाईकही हसले. नाकारणे हे या गावात लक्षण आहे, हे मला आज कळले.

सायंकाळी तिने चहा आणला. फार गोड. कप रिकामा होईपर्यंत ती समोर बसते, मग वही उघडते.

हल्ली झोप गाढ लागते.

२९ ऑगस्ट
साखरेखालचा कडवटपणा आज ओळखला. माझ्याच हातून गेलेल्या गोळ्या. तिने न लाजता सांगितले: बाबांनाही द्यायची. मग आरडाओरडा नाही, आईला मारणे नाही. आई आपण होऊनही त्यांना देई. कोणी कधी दिले, हे या घरात कोणी कोणाला विचारीत नसे.

मातोश्रींच्या वाट्याच्या गोळ्या मला येतात, म्हणून मातोश्री जाग्या आहेत. खिडक्या उघडल्या, केस विंचरले, काहीतरी गुणगुणतात. स्वयंपाकघरातून मुलीचे हसणे ऐकू आले. प्रथमच.

बॅग भरली. खाली आलो तर तीही बूट घालून उंबऱ्यावर बसलेली. उद्या तिची परीक्षा. पण मी कुठे जाईन तिथे बाहेर ती थांबणार, गुत्त्याबाहेर थांबायची तशी. अभ्यास नंतर करता येतो, म्हणाली.

बॅग परत वर नेली. एक गोळी कोणाला मारीत नाही. एवढे शास्त्र मला येते.

३ सप्टेंबर
चौकात पाय अडखळला. न्हाव्याने कोपर धरून घरापर्यंत आणले. सवय असावी. मालकांनी रजा दिली — कधीपर्यंतची, ते सांगितले नाही.

राग येतो का, पाहिले. आला नाही. जीभ जड.

मुलीला गणितात चांगले गुण.

६ सप्टेंबर
बाई वर आल्या. पहिल्यांदाच. यजमानांचा सदरा आणला होता, इस्त्री केलेला — मापात बसला.

जाताना दारातून म्हणाल्या, "अहो, जेवायला चला."

मी — ओ दिली.

९ सप्टेंबर
संध्याकाळ. चहा झाला. मुलगी मैत्रिणीकडे राहायला गेली — आयुष्यात पहिल्यांदा. आई बरी आहे आता, म्हणाली. पिशवी खांद्यावर, पळतच. मला कुशीवर ठेवून. चांगले झाले. फार चांगले.

जिन्यात पावले. बाई. हातात कप.

झाला म्हणालो. पोरीने दिला. बहुधा मोठ्याने म्हणालो.

ऐकत नाहीत. खाटेवर बसल्या. केसांतून हात फिरवतात. कपाच्या तळाशी पांढरा साका — एका गोळीचा नव्हे — बाटलीभर —

म्हणाल्या, "त्या दिवशीही पोर आधी देऊन गेली होती. मला काय माहीत? मी दुसरा दिला. किती शांत झोपलात हो तेव्हा."

तेव्हा. म्हणजे कुशीमुळे नाही. वळवायचे राहिले म्हणून नाही —

हात माझाच. कप धरतो. ओठाशी

ती सकाळी येईल. वर येईल आधी. तिला कोणीतरी सांगा — बाबा गेले त्यात तिची काही — तिची चूक नव्ह