आदेशाची प्रत

३ मार्च, सोमवार

डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून सारखी मान वळवून उजवा कान पुढं करत होती. उज्वला. वय एकोणतीस. सोबत आई, साखराबाई. पहाटेच्या एसटीनं निघून, मुखेडला गाडी बदलून आल्या. माहेर लातूर जिल्ह्यात, सासर आमच्या तालुक्यात. शनिवारी नवऱ्यानं — रामलिंग नाव — मारून घराबाहेर काढलं. आठ वर्षांची रुद्राणी त्याच्याकडंच राहिली.

माहेरच्या ठाण्यात म्हणाले, मारलं तिकडं, तिकडंच तक्रार द्या. इथल्या ठाण्यातले जमादार हणमंतराव म्हणाले, घरगुती मामला आहे, संरक्षण अधिकारी मॅडमकडं जा. म्हणून माझ्याकडं. अकरा वर्षं झाली या खुर्चीत. बहुतेक बाया अशाच येतात, दोन दारं फिरून.

अहवालाचे सगळे रकाने भरले. शेवटी विचारलं, तुला काय पाहिजे? घर नको, पोटगी नको.

"माझी पोरगी तेवढी आणून द्या."

५ मार्च

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा, मग तपासून दाखला देतो. ठाण्यात म्हणाले, आधी दाखला आणा. मधे तीनशे पावलं असतील. चारदा चाललो! चौथ्या खेपेला साखराबाई दवाखान्याच्या पायरीवरच बसल्या, उठेनात. ते बघून डॉक्टरांनी पत्राशिवायच तपासलं. कानाचा पडदा फाटलाय.

१२ मार्च

अर्ज कोर्टात दाखल. मोफतचे वकील मिळाले. बरे वाटले.

२६ मार्च

आदेश झाला! अंतरिम आहे, पण आहे. रामलिंगनं तिच्याजवळ फिरकायचं नाही. रुद्राणीचा ताबा तूर्त आईकडं. पोरगी आणायला पोलिसांनी मदत करायची. रामलिंग नोटीस घेऊनही कोर्टात आला नव्हता.

कोर्टाच्या आवारातच उज्वलानं विचारलं, आता जाऊ का आणायला? मी म्हटलं, एकटी मुळीच जाऊ नको. आदेशाची प्रत ठाण्यात पोचली की पोलीस घेऊनच जाऊ. दोन दिवस थांब. तिनं मान हलवली. साखराबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला — कोरडा, खरबरीत.

२ एप्रिल

दोन दिवसांचे सात झाले. ठाण्यात गेले. हणमंतराव म्हणतात प्रत आलीच नाही. वकिलांकडची झेरॉक्स पुढं केली. "झेरॉक्सवर न्हाई जाता येत, मॅडम. कोर्टाचा कागद येऊ द्या, त्याच दिवशी गाडी काढतो." वर रामनवमी आणि जयंतीचा बंदोबस्त ऐकवला. तशीच कोर्टात गेले. तिथले बाबू मान वर न करता म्हणाले, अठ्ठावीसलाच रवाना झालाय.

म्हणजे ठाण्यातच पडलाय कुठंतरी. बघायचं नसलं की सापडत नाही.

४ एप्रिल

उज्वलाचा फोन. थांबू का अजून? थांब म्हटलं.

७ एप्रिल

परत फोन. रुद्राणीच्या शाळेतल्या बाईंनी तिला कळवलंय — पोरगी केस न विंचरता येते, वर्गात झोपते. उज्वला रडली नाही, नुसतं सांगितलं. मी म्हटलं, बुधवारी नांदेडला मोठी बैठक आहे, तिथं विषय मांडते. तोवर थांब.

९ एप्रिल

बैठक. पोलीस, सरकारी वकील, दवाखाना, समुपदेशन केंद्र, आम्ही. सगळे एका टेबलाला, वर्षातून दोनदा. प्रत्येकानं आपापले आकडे वाचले. 'समन्वय' हा शब्द किती वेळा आला, मोजायचं सोडून दिलं. माझी पाळी जेवणाच्या आधी पाच मिनिटं. उज्वलाचं प्रकरण सांगितलं. बैठक घेणारे आमचे जिल्ह्याचे साहेब म्हणाले, लेखी द्या. लिहून दिलं तिथंच.

कंधारमार्गे परत. खिडकीची काच बंद होईना, धूळ खात आले.

११ एप्रिल

ती थांबली नाही. सकाळी एकटीच सासरी गेली, शाळेच्या वाटेवर पोरीला गाठायला. रामलिंगनं बघितलं. कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. उजवा हात, डोकं. गावातल्या धोंडाबाई मधे पडल्या म्हणून वाचली. नांदेडला हलवलंय. पोरीला घेऊन तो पळाला.

१२ एप्रिल

दवाखान्यात गेले. हाताला प्लास्टर, डोक्याला टाके. साखराबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या, माझ्याकडं बघितलंही नाही. उजवा कान माझ्या बाजूला होता, तरी उज्वलाला दोनदा हाक मारावी लागली.

"मॅडम, तुमीच सांगा. अजून किती दिवस थांबायचं व्हतं?"

सफरचंदं ठेवली आणि आले. सफरचंदं!

१६ एप्रिल

रामलिंग देगलूरला बहिणीच्या घरी सापडला. अटक. रुद्राणी साखराबाईंच्या ताब्यात. गुन्हा, दाखला, पत्र, पंचनामा — सगळं भराभर झालं. कुणी कुणाचा कागद मागितला नाही. हे महिन्याआधी जमलं असतं.

डॉक्टर म्हणतात, उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटणार नाहीत.

१८ एप्रिल

आदेशाची अंमलबजावणी का झाली नाही, याचा खुलासा साहेबांनी माझ्याकडं मागितलाय. चार पानं लिहिली. हणमंतरावांचं नाव तीनदा. आयुष्यात इतकं कडक काही लिहिलं नव्हतं. बरं वाटलं लिहून.

२२ एप्रिल

हणमंतराव निलंबित. दुपारी ऑफिसात आले. साध्या कपड्यांत ओळखू आले नाहीत आधी. म्हणाले, "मॅडम, झेरॉक्सवर गेलो असतो तर बरं झालं असतं, ती चूक माझी हाय. पण कागद मला खरंच आला न्हाई." मी बसा म्हटलं नाही. उभ्याउभ्याच गेले.

२४ एप्रिल

काल संध्याकाळी कपाट लावताना जुन्या अहवालांच्या गठ्ठ्यात कोर्टाचं पाकीट सापडलं. फोडलेलंच नाही. आत दोन प्रती. एक माझी, एक ठाण्याची — 'संरक्षण अधिकाऱ्यांनी समक्ष पोचवावी'. पाकिटावर आमच्या ऑफिसची पोच, अठ्ठावीस मार्चची. सही माझी. रवाना कुणाकडं केला, हे त्या बाबूला मी विचारलंच नव्हतं.

नांदेडच्या बसमध्ये लिहितेय. पाकीट मांडीवर आहे. आधी उज्वलाकडं जाणार. साहेबांकडं नंतर.