बोटीवरून पळता येत नाही

१७ डिसेंबर २०२१, वेरिबी, मेलबर्न
काल मयूराचा बारावीचा निकाल लागला. मार्क भरपूर. कॅनबेराला जायचं म्हणते. तिथे गुंगालिन उपनगरात मैत्रिणीबरोबर राहणार आणि कॅनबेराच्या यूनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकणार. मेलबर्नमध्ये यूनी नाहीत का? ती गेली की घरात मी आणि बायको लीना उरणार. लॉकडाऊनमध्ये बोलायचं सगळं बोलून संपलं, असं लीना म्हणते. माझं संपलेलं नाही.
अजून काही ठरलेलं नाही. मुद्देसूद समजावलं तर मुलगी थांबेल. शब्दांनी साम्राज्यं हलली आहेत, कॅनबेरा काय चीज आहे? पण घरात जमत नाही. मी बोलायला उभा राहिलो की ती खोलीत जाते.
निर्णय: कोविडमुळे बंद असलेली क्वीन्सलंडची सीमा उघडली आहे. व्हिटसंडे बेटांत शिडाची बोट भाड्याने घ्यायची. लायसन्स लागत नाही, थोडं शिकवतात आणि बोट ताब्यात देतात. आठवडाभर आम्ही तिघंच. बोटीवरून पळता येत नाही.

२२ डिसेंबर
भाषण तयार. भाग पहिला, कुटुंब. भाग दुसरा, स्वातंत्र्याचा खरा अर्थ. भाग तिसरा, कॅनबेराची थंडी.
नौकानयनावरची पुस्तकंही वाचून झाली. तुला पोहता येत नाही त्याचं काय, असं लीनाने विचारलं. त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, असं सांगितलं.

३० डिसेंबर
कोविड टेस्टची रांग. अर्धा दिवस गाडीत. प्रस्तावना तरी उरकावी म्हणून सुरुवात केली. बऱ्याच वेळाने मागे बघितलं तर मयूराच्या कानांत इयरफोन. शेजारी बघितलं तर लीनाच्याही. लीनाकडे इयरफोन आहेत हे मला माहीत नव्हतं.
तरी प्रस्तावना पूर्ण केली. अर्धवट सोडलेलं भाषण अंगात राहतं.

२ जानेवारी २०२२, एअर्ली बीच
बोट मिळाली. शिकवणारा माणूस प्रत्येक वाक्याला नो वरीज मेट म्हणतो. शिडांचं त्याने सांगितलं, ते मला पुस्तकातून माहीत होतं. महत्त्वाचा आहे तो रेडिओ. रोज सकाळी आणि आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, कंपनीचा बेस सगळ्या बोटींना एकेक करून बोलावतो. आपण कुठे आहोत, सगळं ठीक आहे ना, ते सांगायचं. एकच चॅनल, त्यामुळे प्रत्येक बोट प्रत्येकाचं ऐकते.
म्हणजे श्रोते! जवळजवळ दोन वर्षं मी झूमवर म्यूट आहे. आमच्या मंडळाचा श्रीनाथ मला गणपतीतसुद्धा अनम्यूट करत नाही. विलास, तुझं नेट वीक आहे रे, म्हणतो.

३ जानेवारी, हेमन बेटाजवळ
शीड उभारलं. म्हणजे दोर मयूराने ओढले, सूचना मी दिल्या. निळ्या खाडीत नांगर टाकला. मयूराने जेलीफिशपासून वाचवणारा स्टिंगर सूट चढवला आणि पाण्यात उडी घेतली. उद्या मीही.
आर्वोचा कॉल. आपली पाळी आली, बटण दाबलं. आधी ठिकाण सांगितलं. मग सर्व नौकांना नववर्षाच्या शुभेच्छा. मग महामारीने माणसाला काय शिकवलं, यावर चार विचार. इंग्रजीत, पण आवेश मराठीच. शेवटी धन्यवाद म्हणून रेडिओ बंद केला. मध्ये कुणी चकार शब्द काढला नाही. समुद्रभर शांतता. दोन वर्षांत असं ऐकलं नव्हतं मला कुणी.

४ जानेवारी
रात्रभर बोट हेलकावत होती. लीनाला सहा वेळा उलटी. सकाळी बेसने खुलासा केला. काल ते मला सांगत होते की उत्तरेचा वारा येतोय, ती खाडी सोडा आणि नारा इनलेटमध्ये जा. पण रेडिओचं बटण दाबून धरलं की समोरच्याचं ऐकू येत नाही, म्हणे. पुस्तकात हे ठळक द्यायला हवं होतं. बाकीच्या बोटींनाही इशारा पोचला नाही, एकेकीला फोन करावा लागला. आमचा लागला नाही.
मेट, यापुढे तुझ्या मुलीला बोलू देशील का, असं त्यांनी विचारलं. नो वरीज म्हणालो.
आर्वोला मयूरा बोलली. नाव, ठिकाण, पाणी आहे, सगळे ठीक. ब्यूटिफुल, मयूरा, असं बेस म्हणाला. प्रस्तावना नाही, समारोप नाही. आवाज मात्र चांगला. माझ्यावर गेलाय.

५ जानेवारी
स्नॉर्केलिंग. स्टिंगर सूटची चेन लावायला लीना आणि मयूरा दोघी लागल्या. श्वास आत घे, असं लीना म्हणाली. घेतलाय, म्हणालो. दोघी खूप हसल्या. किती दिवसांनी हसल्या. मला बरं वाटायला हवं होतं. वाटेल बहुतेक नंतर.
काखेत तरंगायचं फोमचं नूडल घेऊन उतरलो. मयूराने हात धरला होता. खाली जांभळी पोवळी. एक पोपटमासा ती कुरतडत होता, त्याचा कुरकुर आवाज येत होता. बाकी काही नाही. कासव आलं, गेलं. तिने माझा हात दाबला. हीच वेळ, असं वाटलं. एक ग्रीक वक्ता तोंडात खडे ठेवून सराव करायचा. माझ्या तोंडात तर फक्त स्नॉर्केलचं रबर होतं. कुटुंब या शब्दापर्यंत पोचलो आणि समुद्र आत आला.
मयूराने ओढत शिडीपर्यंत आणलं. बाबा, जस्ट बघ ना, एवढंच म्हणाली आणि परत गेली. नंतर कितीतरी वेळ पाण्यात तोंड घालून तरंगत होती. तिचं मन बदलतंय, हे मला डेकवरून स्पष्ट दिसत होतं.

६ जानेवारी, नारा इनलेट
दिवसभर पाऊस. तिघंही केबिनमध्ये. भाषण केलं. तिन्ही भाग. कुणी उठलं नाही, कुणाच्या कानांत काही नव्हतं. थंडीच्या भागात मी स्वतःच अंगावर टॉवेल ओढून घेतला. मग खाली बसलो आणि मयूराला म्हणालो, आता तू सांग.
ती म्हणाली, बाबा, यूनीची ऑफर निकालाआधीच आली होती, मी सप्टेंबरमध्येच हो कळवलंय. तुला सांगितलं होतं, जेवताना. तू व्हेरी गुड म्हणालास आणि पुढे बोलत राहिलास.
लीना म्हणाली, हो, मी होते की तिथे.
तेव्हा मी कशावर बोलत होतो, असं विचारलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, खूप प्रयत्न केला. दोघींनाही आठवेना.
मलाही.